बोटवाल्या बाई

माझ्या थोरल्या नणंदबाईंच्या बोटांना आमचं सगळं घर जपायचं. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, ताईला भांडी घासायला सांगायची नाहीत, कपडे पिळायला सांगायचे नाहीत, आणि गरम तव्याजवळ तर तिला फिरकूसुद्धा द्यायचं नाही. मला वाटलं, बिचाऱ्या आजारी असतील. मग कळलं की तब्येत ठणठणीत आहे, जपायची आहेत ती नुसती बोटं. बाई संध्याकाळी घरी येणार, हात कोमट पाण्यात बुडवून बसणार, आणि मी खरकटं काढणार. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झालाय या घरात. वन्सं हात पुसत पुसत म्हणाल्या, "मोत्याकडे कोणी बघतं तरी अगं, नाक नुसतं शिंकतं."

त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी एकदाच विचारलं. तेव्हा म्हणाल्या, पोळपाट-लाटण्यानं बोटांना घट्टे पडतात. थट्टा होती की खरं, ते मला कधी कळलं नाही.

त्या जिथं कामाला जात तिथं विमानं बनत नाहीत, विमानांना वारा कसा लागतो ते पाहतात. खरं विमान बांधायच्या आधी त्याची छोटी प्रतिकृती करतात, कधी नुसता एक पंखच करतात, आणि तो एका लांब बोगद्यात बसवतात. बोगद्याच्या टोकाला घराएवढं एक फिरतं चक्र आहे. ते वारा खेचतं. येणारा वारा शांत, सरळ असावा म्हणून तोंडाशी एकामागे एक बारीक जाळ्या लावलेल्या असतात. विमान जागच्या जागी उभं, आणि वारा त्याच्या अंगावरून धावतो. ज्या पोलादी दांड्यावर ते उभं असतं त्याच्या खाली तराजू आहे. वारा विमानाला किती जोरानं मागे रेटतो ते त्यावर दिसतं. या रेटण्याला ते लोक ओढ म्हणतात. ओढ जितकी कमी तितकं विमानाचं इंधन वाचतं. सगळी धडपड त्यासाठी.

मी म्हटलं, एवढ्या अवाढव्य विमानाला तुमच्या बोटानं काय फरक पडतो? त्यावर त्यांनी मला मोरीशी नेलं आणि नळ अगदी हळू सोडला. धार काचेच्या कांडीसारखी खाली आली, हलते आहे असंही वाटेना. मग त्यांनी तोटीच्या कडेला नख टेकवलं. धार तिथून पुढे फाटली, खळखळली. "वारा असाच आहे," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत पंखावरून तो असा काचेसारखा सरकतो. पुढच्या कडेला केसाएवढं काही आडवं आलं की तिथून मागे सगळा खळखळाट, आणि ओढ वाढली. डोळ्यांना केस दिसत नाही. बोटाला दिसतो."

तर त्यांचं काम हे. सुतार आणि लोहार पंख करून देत. त्याचे सांधे, स्क्रूची भोकं पुट्टीनं भरायची, मग बारीक, त्याहून बारीक, त्याहूनही बारीक पॉलिश पेपरनं घासत राहायचं. शेवटी डोळे मिटून डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पुढच्या कडेवरून न्यायचं. वन्संनी "ठीक" म्हटलं की पंख स्पिरिटनं पुसून बोगद्यात जायचा. त्यांनी नाही म्हटलं तर मोठे साहेबसुद्धा तो नेत नसत. उघडा हात कोणी पंखाला लावला तर या वाघासारख्या अंगावर जात. हाताचं तेल लागतं, तेलाला धूळ धरते, हा त्यांचा रोजचा मंत्र. एकदा तर साहेबांच्याच मनगटावर चापट मारली होती. तिथं सगळे त्यांना बोटवाल्या बाई म्हणत. घरी येऊन हे सांगताना त्या फुगायच्या नाहीत, पण पदर मात्र जरा नीट करायच्या.

मग एका दुपारी, सुट्टी होती, आम्ही दोघी खिडकीशी बसून पडद्यांना टीप घालत होतो. माझं लक्ष गेलं तर त्यांच्या हातातल्या पांढऱ्या कापडावर लाल ठिपके. सुई बोटात चांगली रुतली होती आणि बाई आपल्या शिवत होत्या. मी म्हटलं, वन्सं, रक्त. त्यांनी बोटाकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचं असावं तसं पाहिलं. सुई उपटली आणि बोट तोंडात घातलं.

डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलेली आहे, कधीपासून कोण जाणे, बोटांच्या नसा मेल्यात. औषधानं पुढचं थांबेल कदाचित, गेलेलं परत येणार नाही. एरवी आधी पावलं जातात, यांची बोटं आधी गेली, पावलंही जातील. आमच्या ह्यांनी दवाखान्यातच बहिणीला विचारलं, ताई, ऑफिसात सांगायला हवं ना? त्या म्हणाल्या, अजिबात नाही. नोकरी सुटायची भीती होती का? ती असती तर मी समजू शकले असते. घरात खायला होतं, भाऊ कमावता होता. पण मी जरा जोर करून बोलले तेव्हा त्यांनी सांगितलं, "तिथं मला नावानं कोणी हाक मारत नाही. बोटवाल्या बाई म्हणतात. बोट गेलं म्हणजे काय उरतं, सांग बघू? बाई. बाया काय, झाडू मारायलाही आहेत तिथं."

मी रोज देवापुढे दिवा लावते तेव्हा त्यांच्या बोटांसाठी मागणं मागू लागले. वन्संना देवाधर्माचं वेड नाही, पण त्या दिवसांत त्याही माझ्यामागे येऊन उभ्या राहत. हात जोडत नसत, नुसत्या उभ्या.

थोड्या दिवसांनी मी एक विचित्र गोष्ट पाहिली. वन्सं काचेच्या कपाटासमोर वाकून काचेला ओठ लावत होत्या. अगदी हलके, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दाराला. मी म्हटलं, "वन्सं, या वयात कपाटाच्या प्रेमात पडलात की काय?" त्या दचकल्या, मग हसल्या, आणि त्यांनी मला बसवून सांगितलं. ओठाला अजून सगळं कळतं. बोटाला कळायचं त्याहून जास्तच कळतं. त्यांनी काचेवर माझा एक केस चिकटवला, डोळे मिटले, आणि ओठानं तो शोधून दाखवला. मला जरा आनंदच झाला. मनात म्हटलं, देवानं एक दार लावलं आणि दुसरं उघडलं. ओठ कोरडा असला की घासला जातो, सरकत नाही, म्हणून त्या त्याला औषधाच्या दुकानातलं पांढरं मलम लावत आणि रुमालानं पुसून टाकत. हे इतकं सविस्तर लिहिते आहे कारण पुढचं सगळं याच मलमातून झालं.

तिकडे एका नव्या पंखाचं काम आलं. साहेबांनी स्वतः आखलेला, कितीतरी वर्षं डोक्यात घोळवलेला पंख. त्यावरून वारा बऱ्याच अंतरापर्यंत खळखळाट न करता जाईल आणि ओढ खूपच कमी होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. वरचे लोक म्हणत, कागदावर सगळेच पंख उडतात. बोगदा मिळाला तो मोजक्या दिवसांपुरता. पुढे तो दुसऱ्यांना दिलेला होता. वन्संनी तो पंख महिनाभर घासला. हाताला कळत नव्हतं तरी हात आपल्या सवयीनं चालायचा, घोडा वाटेनं घरी येतो तसा. घरी येऊन म्हणायच्या, झालाय बहुतेक. "बहुतेक" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी डोळे मिटले, ते बोट कडेवरून नेलं, "ठीक" म्हटलं. पंख स्पिरिटनं पुसला, बोगद्यात बसवला. लोक बाहेर पडायला लागले. झाकणाचा कपडा काढायला म्हणून वन्सं एकट्या मागे राहिल्या. ठीक म्हटलं होतं, पण कशाच्या जोरावर ते त्यांनाच ठाऊक होतं. जीव थाऱ्यावर नव्हता. त्या पटकन वाकल्या आणि पुढच्या कडेला इथून तिथपर्यंत ओठ टेकवत गेल्या. कुठं काही लागलं नाही. पंख आरशासारखा होता. तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारली, बाई, दार लावतोय. त्या बाहेर आल्या. उघड्या हाताच्या तेलावरून साहेबांना चापट मारणारी ही बाई, आपल्या ओठांचं मलम पंखावर ठेवून बाहेर आली. ओठावरून रुमालानं पुसलेलं मलम म्हणजे गेलेलं, असं वाटलं त्यांना. त्या दोन-तीन क्षणांत काहीच वाटलं नसेल, असंही असेल.

तराजूवर ओढ जास्त आली. जुन्या पंखाहूनही जरा जास्तच. साहेबांनी आकडा दोनदा वाचला म्हणे. पुन्हा वारा सोडला, तेच. शेवटी त्यांनी पंखावर पातळ पांढऱ्या मातीचा ओला हात फिरवला. जिथं वारा खळखळतो तिथं हा लेप लवकर वाळून पांढरा होतो, जिथं सरळ वाहतो तिथं ओला राहतो, म्हणजे वारा कुठं बिघडला ते उघड होतं. वारा थांबल्यावर सगळ्यांनी आत जाऊन पाहिलं. पंखाच्या कडेपासून मागे पसरत गेलेले पांढरे त्रिकोण, ओळीनं, एकाशेजारी एक. प्रत्येकाच्या टोकाशी धुळीचे दोन-चार कण चिकटलेले.

धूळ म्हटल्यावर सगळ्यांनी जाळ्यांकडे पाहिलं. जाळ्या धुण्याचं काम एका म्हाताऱ्या माणसाकडे होतं, सगळे त्यांना जाळीवाले मामा म्हणत. तोवर मुदत संपली होती, पंख काढून कपाटात ठेवला गेला, आणि वरच्यांनी कळवलं की हा पंख जमेत धरू नका. मामांना घरी बसायला सांगितलं.

वन्संनी ते त्रिकोण पाहिले तेव्हाच त्यांना कळलं होतं. धूळ वाऱ्यातून आली असती तर वाटेल तिथं बसली असती. ही सारख्या अंतरावर बसली होती, एका तोंडाइतक्या अंतरावर. दुसऱ्या कोणाला ते सुचणं शक्यच नव्हतं. पंखाला ओठ लावेल कोण?

मामांना घरी बसवलं त्या दिवशी वन्संनी घरी येऊन आम्हा दोघांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "ताई, तुला कोणी विचारलंय? नाही ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला? थोडे दिवस राहिलेत निवृत्तीला. गप्प बस." वन्सं गप्प बसल्या. जेवल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मामा आमच्याकडे आले. त्यांचा एक पाय अधू आहे, जिना चढून धापा टाकत होते. मी पाणी दिलं. ते खुर्चीवर बसेनात, उभ्यानंच बोलायला लागले. म्हणाले, बाई, साहेब तुमचा शब्द मोडत नाहीत. मी जाळ्या धुतल्या होत्या. आदल्या दिवशी तुम्ही तिथूनच गेलात, पाहिलंत ना? नुसतं पाहिलं एवढं सांगा. इतक्या वर्षांत माझ्या जाळीनं कुणाचं काम बिघडवलं नाही. घरी बायको विचारते, खरंच धुतल्या होत्यात का हो? तिलाही शंका येते आता.

वन्सं म्हणाल्या, "पाहिलं, मामा. धुतल्या होत्यात तुम्ही." मामांनी जोडलेले हात खाली घेतले आणि ते गेले.

मी दार लावून वळले तर वन्सं माझ्याकडेच पाहत होत्या. म्हणाल्या, बोल, तुझा देव काय म्हणतो? मी म्हटलं, देव काही बोलत नाही, पण मामांच्या बायकोनं विचारलं ते मला ऐकवलं नाही. त्यावर त्या चिडून म्हणाल्या, तुझं काय जातंय बोलायला, तुला कोणी बोटवाली म्हणत नाही. मग थोड्या वेळानं आपणच स्वयंपाकघरात आल्या आणि उद्या डबा नको म्हणाल्या. अर्ध्या दिवसात परत येईन.

पुढचं मला वन्संनी थोडं सांगितलं आणि मामांनी बरंच. वन्संनी बोटांचं, ओठांचं, मलमाचं सगळं सांगितलं, पण साहेबांना आधी खरंच वाटेना. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला वाचवायला बाई स्वतःवर घेतायत. असं कसं होईल, तुम्ही आणि असं? शेवटी वन्संनीच म्हटलं, बघा करून. कारखान्यात सगळे कामावर होते, त्यांनीच शिकवलेल्या मुलीही होत्या. साहेबांनी दोन पत्रे मागवले, एक घासलेला, एक बिनघासलेला. वन्संनी डोळे मिटले, बोट पुढे केलं. साहेबांनी बिनघासलेला पत्रा बोटाखाली धरला. वन्सं बोट फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "हा खडबडीत." मुलींच्या जीवात जीव आला. साहेबांनी पत्रा काढला, आणि पुन्हा तोच बोटाखाली दिला. वन्संनी बोट नेलं. आणखी एकदा नेलं. "हा चांगला आहे," त्या म्हणाल्या.

डोळे उघडल्यावर त्यांना समोर तोच बिनघासलेला पत्रा दिसला. मामा म्हणाले, बाईंनी तो घेतला, उलटा केला, पुन्हा सरळ केला, आणि जागेवर नेऊन ठेवला. जागेवरून काही हललेलं त्यांना कधी खपत नसे.

मामांना दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं. वन्संना साहेब टाकून बोलले नाहीत. ते म्हणाले, बाई, हे मला आधी सांगितलं असतंत तर. एवढंच म्हणाले, आणि ते जास्त लागलं. उरलेले दिवस रजेत धरून त्यांना घरी पाठवलं. निरोपसमारंभ करतो म्हणत होते, या गेल्या नाहीत.

मग घर. मी मनात म्हणत होते, आता विसावतील. पण माणसाचं काम असं अचानक काढून घेतलं तर त्याला विसावा म्हणत नाहीत. त्या खिडकीशी बसत. पावलांतली जाणीवही कमी होत गेली. चप्पल पायातून निसटून जिन्यातच राहायची आणि या अनवाणी खोलीत शिरायच्या, ध्यानात यायचं नाही. मी आणून ठेवायचे. कोणी शेजारीण आली आणि हात दुखतात का म्हणाली की त्या म्हणत, दुखत असते तर बरं झालं असतं.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी मामा पुन्हा जिना चढून आले. या वेळी बसले, चहाही घेतला. बोगदा मध्ये काही दिवस रिकामा मिळाला होता, साहेबांनी वरच्यांच्या नाकदुऱ्या काढून तो पंख पुन्हा लावला. ओढ इतकी कमी आली की साहेबांना वाटलं तराजूच बिघडलाय, म्हणून वारा बंद करून तराजू तपासला. तराजू ठीक होता. आता तो पंख पुढे जाणार, खऱ्या विमानावर चढणार. मामा हे सांगताना इतके खूश होते की त्यांचा कप बशीत वाजत होता.

वन्संनी विचारलं, "लावण्याआधी पुन्हा घासला कोणी?"

"कोणी हात नाही लावला, बाई. स्पिरिटनं पुसला आणि चढवला. तुम्ही केला होतात तसाच्या तसा."

वन्संनी मान हलवली. मग मामा उठले, मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत आले तर वन्सं तशाच बसलेल्या.

मी म्हटलं, बघा, देवानं तुमच्या कामाची लाज राखली.

"लाज कसली राखली," त्या म्हणाल्या. "पंख ठीक होता. मी वाकले नसते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मामा घरी बसले नसते. साहेबांचे महिने गेले नसते. मीही तिथंच असते."

मी म्हटलं, पण पुढचा पंख? त्याच्या पुढचा?

"पुढचा चुकला असता. कधीतरी चुकलाच असता, ते काय मला कळत नाही?" त्या म्हणाल्या. "पण हा ठीक होता अगं. मी ठीक म्हटलं होतं आणि तो होता ठीक. मलाच कळलं नाही."

पंख ठीक आहे एवढंसं देवानं त्यांना वाकण्याआधी कळू दिलं असतं तर त्याचं काय गेलं असतं, असं माझ्या मनात आलं. तसं यायला नको होतं, पण आलं. मी दिवा लावायला उठले. वन्सं भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि जेवायला हाक मारली तेव्हाही त्यांनी कूस वळवली नाही.